शनिवारची एक रात्र कितीला द्यायची? सातारा भागातल्या कॉटेजचे छोट्या मुक्कामाचे दर ठरवण्याची पद्धत

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, कास, तापोळा या पट्ट्यात कॉटेज, बंगला किंवा फार्महाऊस भाड्याने देणाऱ्यांना दर विचारला की बहुतेकांकडून एकच आकडा येतो. "रात्रीचे सहा हजार." शनिवार असो की मंगळवार, दोन माणसं असोत की आठ, एक रात्र असो की तीन, आकडा तोच. फार तर "सीझनला आठ" एवढी पुस्ती जोडलेली असते.

आपल्याकडे पाहुणा आठवडाभर राहायला येत नाही. पुण्याची पार्टी शनिवारी दुपारी येते आणि रविवारी निघते. मुंबईची आली तर दोन रात्री, दिवाळी-नाताळात तीन. म्हणजे सगळा धंदाच एक ते तीन रात्रींचा, आणि त्यात सर्वांत महाग पडते ती एकच रात्र, कारण चादरी, झाडलोट, किल्ली देणं-घेणं हे एका रात्रीलाही तेवढंच आणि तिनालाही तेवढंच. म्हणून दर रात्रीचा न ठरवता मुक्कामाचा ठरवायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. बहुतेकांचं चुकतं ते पाचवी पायरी आधी घेऊन दुसरी कधीच न घेतल्यामुळे.

परवानग्या, नोंदणी, बांधकामाचे नियम हा वेगळा विषय आहे, तो इथे धरलेला नाही.

पायरी १ : आधी कागद गोळा करा

एक दिवस मोकळा ठेवा आणि हे समोर घ्या: गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, केअरटेकरला दिलेला पगार आणि वरचे पैसे, धुलाईची बिलं, टँकरच्या पावत्या, घरपट्टी, इंटरनेट, विमा, डागडुजीचा खर्च आणि बुकिंगची वही. वही नसेल तर फोनमधल्या यूपीआयच्या जमा रकमा महिनावार उतरवून काढा. प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी हव्यात: कोणत्या वाराला आले, किती रात्री राहिले, किती माणसं होती, एकूण किती दिले.

शेजाऱ्याचा दर या कागदांत नको. तो सहाव्या पायरीच्या शेवटी बघायचा. त्याचं घर वडिलोपार्जित असेल, केअरटेकर घरचाच असेल, किंवा तो तोट्यात चालला असेल आणि त्याला ते ठाऊकही नसेल.

तपासा: तुम्ही स्वतः गाडी काढून साताऱ्याहून किल्ली द्यायला जाता का? ते पेट्रोल आणि तो अर्धा दिवस खर्चात लिहिलाय का? "आपलीच गाडी, आपणच जातो" म्हणून हा खर्च गाळणारे खूप. उद्या माणूस ठेवावा लागला की तोच खर्च दत्त म्हणून समोर उभा राहतो.

पायरी २ : खर्चाचे तीन ढीग करा

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. उदाहरणासाठी धोम जलाशयाच्या बाजूला दोन बेडरूमची, सहा माणसांची एक कॉटेज धरू. आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे तुम्ही भरा.

पहिला ढीग, पार्टीमागचा खर्च. पार्टी एक रात्र राहो की तीन, हा एकदाच होतो. झाडलोट आणि बाथरूम सफाई ५००, चादरी-अभ्रे-टॉवेलांची धुलाई ४५०, केअरटेकरचे जादा तास ३००, चहा-साखर, साबण, गॅस, कचऱ्याच्या पिशव्या २५०, फुटलेले कप आणि तुटलेल्या कड्यांसाठी बाजूला ३००. एकूण १,८०० रुपये.

दुसरा ढीग, रात्रीमागचा खर्च. गिझर आणि दिव्यांची वीज, पाणी, पाण्याची मोटर. धरा ५०० रुपये.

तिसरा ढीग, वर्षाचा बसलेला खर्च. कोणी आलं नाही तरी तो होतोच. केअरटेकरचा पगार १,४४,०००; घरपट्टी, इंटरनेट, विमा वगैरे ३६,०००; पावसाळ्यापूर्वीची डागडुजी आणि रंग ६०,०००; बाग आणि कुंपण ३०,०००. एकूण २,७०,००० रुपये. वर्षात खरोखर भरणाऱ्या रात्री ९० धरल्या, तर रात्रीमागे ३,००० रुपये पडले.

नव्वद हा आकडा मनाने वाढवू नका. "या वर्षी जाहिरात करू, दीडशे रात्री भरतील" असं म्हणून भागाकार केला की दर कागदावर स्वस्त दिसतो आणि वर्षअखेरीला खड्डा पडतो. नवीन कॉटेज असेल तर शनिवार मोजा, त्यातले पावसात आणि परीक्षांच्या काळात रिकामे जाणारे वजा करा आणि मधल्या वारांच्या थोड्याच रात्री धरा.

महाबळेश्वर-पाचगणीवाल्यांसाठी दोन जादा ओळी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कपडे वाळत नाहीत, त्यामुळे धुलाई बाहेर, ड्रायरवाल्याकडे द्यावी लागते आणि पार्टीमागचा खर्च वाढतो. भिंतींना लावायचं प्लास्टिक, बुरशी धुणं, ओल धरलेल्या गाद्या बदलणं हे तिसऱ्या ढिगात. उलट एप्रिल-मेमध्ये टँकर लागत असेल तर तो दुसऱ्या ढिगात. पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा पार्टीमागचा खर्च वेगळा येत असेल तर दोन आकडे ठेवा, सरासरी काढू नका.

कर्जाचा हप्ता या तीन ढिगांत मी घेत नाही. हप्ता किती आहे यावर पाहुणा किती देईल हे ठरत नसतं. हप्ता शेवटी, वर्षाचा हिशोब जुळतो का हे बघताना घ्यायचा.

पायरी ३ : दोन तळ ठरवा

आता दोन आकडे काढा.

पूर्ण तळ म्हणजे तिन्ही ढीग धरून. आपल्या उदाहरणात एक रात्र ५,३००, दोन रात्री ८,८००, तीन रात्री १२,३००. रात्रवार बघितलं तर ५,३००, ४,४०० आणि ४,१००. एका रात्रीचा दर दुपटीने घेऊन दोन रात्रींचा काढणारा इथेच फसतो: एक तर तो एक रात्र स्वस्त देतो, नाही तर दोन रात्री महाग सांगून पार्टी घालवतो.

दुसरा, दार उघडायचा आकडा. फक्त पहिले दोन ढीग: एक रात्र २,३००, दोन रात्री २,८००, तीन रात्री ३,३००. याच्या खाली दिलं तर खिशातून पैसे जातात, त्यापेक्षा कुलूप बरं.

या दोघांमधली जागा कधी वापरायची? ज्या रात्री अन्यथा रिकाम्याच जाणार आहेत तेव्हाच. जुलैतला मंगळवार-बुधवार ६,५०० ला दोन रात्री गेला तर पूर्ण तळ गाठला नाही, पण खर्च जाऊन ३,७०० रुपये बसलेल्या खर्चाला हातभार लागला. हाच दर शनिवारी दिला तर तो शुद्ध तोटा आहे, कारण शनिवारला दुसरं गिऱ्हाईक होतं.

थांबा: दार उघडायचा आकडा केअरटेकरला, एजंटला किंवा पाहुण्याला कधीही सांगू नका. तो वहीच्या शेवटच्या पानावर राहू द्या. एकदा बाहेर गेला की तोच तुमचा दर होतो.

पायरी ४ : कॅलेंडर आपल्या गावाचं करा

"सातारा जिल्ह्याचा सीझन" असं काही नसतं. वीस-तीस किलोमीटरवर चित्र बदलतं.

महाबळेश्वर-पाचगणीचे भरगच्च दिवस म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंत, दिवाळीनंतरचा आठवडा, आणि नाताळ ते नववर्ष. जानेवारी ते मार्च स्ट्रॉबेरीमुळे वीकेंड चांगले जातात, मधले वार मध्यम. पावसाळ्यात धुकं आणि पाऊस बघायला पुणेकर शनिवारी येतातच, पण सोमवारी घाट चढणारी गाडी क्वचित.

यवतेश्वर-कास-ठोसेघर बाजूचं गणित याच्या उलट. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलांचा हंगाम, आणि तोच कमाईचा. कासला हंगामात प्रवेश मर्यादित असतो आणि आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. शनिवार-रविवारची जागा मिळाली नाही की माणसं मधल्या वाराला येतात, म्हणून या सहा-सात आठवड्यांत मंगळवार-बुधवारचा दर वीकेंडच्या जवळ नेता येतो. इथले बरेच मालक मात्र महाबळेश्वरचं बघून सप्टेंबरला ऑफ-सीझन म्हणून सूट लावतात. सप्टेंबरच्या सुमारास सातारा हिल मॅरेथॉन असते. त्या वीकेंडला साताऱ्यात खोली मिळत नाही, तारीख जाहीर झाली की लगेच कॅलेंडरवर टाका.

वाई-मेणवली-धोम बाजूला थंडी हाच मोसम. मार्चपासून खाली ऊन तापतं आणि पाहुणा पसरणी घाट चढून वर जातो. मेणवलीच्या बाजूला शूटिंगची युनिटं घर मागतात, त्यांना पाहुण्यांचा दर लावू नका. माणसं, गाड्या, वीज, दिवसाची झीज, सगळं वेगळं असतं. त्यांचा दर दिवसाचा, डिपॉझिट मोठं, आणि वीज मीटर बघून.

तापोळा-बामणोलीत शिवसागरातली (कोयना धरणाच्या जलाशयातली) बोट चालू आहे की बंद यावर निम्मं ठरतं. वासोटा किल्ल्याचा ट्रेक पावसाळ्यात बंद असतो, तो सुरू झाला की शुक्रवार रात्रीच्या चौकशा येऊ लागतात. ट्रेकवाल्यांना एकच रात्र हवी असते आणि पहाटे निघायचं असतं. त्यांच्यासाठी वेगळा, माणशी दर ठेवलेला सोयीचा.

आता सुट्ट्या. गेल्या वर्षीचं कॅलेंडर पुढे ढकलायची सवय मोडा. २०२६ चंच बघा. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण पुढे सरकले, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला, बुधवारी. ऑक्टोबरअखेरीला सीझनचा दर लावून ठेवलात तर घर रिकामं, आणि नोव्हेंबरच्या मध्याला साधा दर राहिला तर पहिल्या तासात स्वस्तात भरून गेलं. भाऊबीज झाली की माणसं घराबाहेर पडतात. गुजरातकडची मंडळी तर लक्ष्मीपूजनानंतर लगेच निघतात.

तारखेचा वारही बघा. २०२६ मध्ये १५ ऑगस्ट शनिवारी येतो, म्हणजे नोकरदाराला जादा सुट्टी काहीच नाही, तो लॉन्ग वीकेंड नव्हे. २ ऑक्टोबर मात्र शुक्रवारी आहे, कास अजून फुललेलं असू शकतं, आणि गुरुवार संध्याकाळपासून तीन रात्री विकता येतात. २५ डिसेंबर शुक्रवारी आणि १ जानेवारी २०२७ सुद्धा शुक्रवारी, लागोपाठ दोन लांब वीकेंड. २६ जानेवारी २०२७ मंगळवारी आहे. सोमवारची रजा टाकून चार दिवस जोडणारे निघतील, त्यांच्यासाठी शनिवार ते मंगळवार असा तीन रात्रींचा दर आधीच मांडून ठेवा.

तपासा: कॅलेंडरवर चारच रंग असावेत: सुस्त, साधा, चांगला, भरगच्च. सात-आठ रंग केले तर फोनवर तुम्हालाच दर सांगता येणार नाही.

पायरी ५ : मुक्कामाचे साचे आणि त्यांचे दर

आता खरा दर. साध्या हंगामातल्या आठवड्यासाठी पाच साचे पुरतात. आपल्या उदाहरणात ते असे बसतील:

शुक्रवार-शनिवार दोन रात्री: १४,०००
फक्त शनिवार: ११,५००
मधल्या वारातल्या दोन रात्री: ९,०००
मधल्या वारातल्या तीन रात्री: १२,६००
मधल्या वारातली एकच रात्र: ५,५००

सगळे पूर्ण तळाच्या वर आहेत. आता पहिल्या दोन ओळी नीट बघा. फक्त शनिवारचा दर दोन रात्रींच्या दराच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे ठेवलाय. पाहुण्याला दिसतं की अडीच हजार जादा दिले तर शुक्रवारही मिळतो. तुम्हाला त्या जादा रात्रीचा खर्च ५०० येतो, म्हणजे २,००० हातात राहतात, तेही न वेगळी चादर धुता. आणि जो म्हणतो "नाही हो, एकच रात्र हवीय", त्याच्याकडून वाया गेलेल्या शुक्रवारची भरपाई झालेली असते. शनिवार गेला की त्याच्या अलीकडचा शुक्रवार एकटा विकला जात नाही. शनिवारच्या दरात शुक्रवारची किंमत धरायची ती यासाठी.

सर्रास दिसणारी चूक याच्या उलट असते: शनिवार ७,०००, शुक्रवार ५,०००, हवं ते घ्या. मग सगळे शनिवारच घेतात, वर्षभर शुक्रवार मोकळे, आणि मालक म्हणतो, वीकेंड फुल्ल आहेत तरी पैसा दिसत नाही.

रविवारची रात्र विकायच्या भानगडीत पडू नका. सोमवारी ऑफिस असलेला माणूस ती घेत नाही. त्याऐवजी रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत थांबायची मुभा विका. सकाळी अकराला सामान गाडीत भरून उन्हात फिरण्यापेक्षा जेवून, झोपून, गर्दी ओसरल्यावर घाट उतरायला माणसं आनंदाने हजार-बाराशे देतात. अट एकच: त्या रात्री दुसरी पार्टी येणार नसेल तरच.

सुस्त आणि भरगच्च हंगामासाठी हेच पाच आकडे खाली-वर करा. मात्र सगळे एका टक्क्याने नकोत. भरगच्च दिवसांत तीन रात्रींचा साचा मुख्य धरा, उदाहरणात २५,०००, आणि एका रात्रीचा साचाच काढून टाका. सुस्त काळात शनिवार फारसा कमी करू नका, तो तेव्हाही जातो. कपात मधल्या वारात करा.

आता बेरीज करून बघा. वर्षात २५ शुक्र-शनि, ८ सुटे शनिवार, १० मधल्या वारातले दोन रात्रींचे मुक्काम आणि ४ सीझनचे तीन रात्रींचे धरले, तर ९० रात्री आणि ४७ पार्ट्या होतात. जमा ६,३२,०००. खर्च: पार्ट्यांमागे ८४,६००, रात्रींमागे ४५,०००, बसलेला २,७०,०००. उरतात २,३२,४००, कमिशन आणि हप्त्याच्या आधी. याच ९० रात्री एकेक करून गेल्या असत्या तर ९० पार्ट्या, म्हणजे पार्ट्यांमागे १,६२,०००. तेवढ्याच रात्री, पण ७७,४०० रुपये धुलाई-सफाईत जादा गेले. हप्ता भागतो का ते इथे बघा. भागत नसेल तर दर वाढवण्याआधी मुक्काम लांबवता येतो का ते तपासा.

पायरी ६ : किमान रात्रींची अट आणि ती कधी सोडायची

अट लावणं सोपं असतं, ती वेळेवर सोडायचं राहून जातं.

भरगच्च दिवसांत तीन रात्री किमान, तारखेच्या तीन आठवडे आधीपर्यंत. मग दोन. शेवटच्या आठवड्यात जे उरलं ते जसं मागतील तसं. साध्या वीकेंडला दोन रात्री किमान, दहा दिवस आधीपर्यंत. मग शनिवार सुटा उघडा, पण पायरी ५ च्या सुट्या दराने. मधल्या वाराला अट नको.

फोनमध्ये या तारखांची आठवण लावून ठेवा. अट सोडायची राहिली म्हणून रिकामा गेलेला ख्रिसमस बघितलेले मालक पुढच्या वर्षी अटच लावत नाहीत, आणि २४ डिसेंबरची एक रात्र पहिल्याच फोनला देऊन २५-२६ एकटे पाडतात.

थांबा: बुकिंग घेताना त्याने मागे-पुढे एकच रात्र लटकती राहते का, ते बघा. गुरुवार-शुक्रवार मागणाऱ्याला हो म्हणालात तर शनिवार एकटा पडतो. त्याला "बुधवार-गुरुवार घ्या, हजार कमी करतो" असं सुचवा.

आता शेजाऱ्यांचे दर बघा. त्याच सोयीची, तेवढ्याच माणसांची घरं, आणि त्याच तारखांचे दर. तुमचा आकडा फार वर असेल तर फोटो, गिझर, पार्किंग, रस्ता यात कारण शोधा. फार खाली असेल तर आनंद मानू नका, दुसरी पायरी पुन्हा तपासा.

पायरी ७ : माणसं, गाद्या, जेवण

दर सहा माणसांचा असेल तर तसं लिहा. "आम्ही सहाच जण" म्हणणारी पार्टी नऊ होऊन उतरते, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. जादा माणशी गादीसह रक्कम आधीच ठरवा, पाच वर्षांखालचं मूल फुकट, त्यावरच्या मुलांचं काय तेही. जास्तीत जास्त किती, हा आकडा पाण्याच्या टाकीवर आणि संडासांवर ठरवा. हॉल किती मोठा यावर नको. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे की नाही, हे विचारण्याआधी सांगा.

जेवण भाड्यात मिसळू नका. भाकरी-पिठलं, मटणाची थाळी, शाकाहारी थाळी यांचे दर वेगळे, आदल्या दिवशी ऑर्डर. शेकोटीची लाकडंही वेगळी.

पायरी ८ : कमिशन आणि जीएसटी

बुकिंग साइट किंवा स्थानिक एजंट १५ टक्के घेत असेल, तर ५,३०० हातात यायला दर किती हवा? बहुतेक जण १५ टक्के मिळवून ६,०९५ लावतात. त्यातून १५ टक्के गेले की ५,१८१ उरतात. बरोबर हिशोब ५,३०० भागिले ०.८५, म्हणजे ६,२३५. प्रत्येक साच्याला हाच भागाकार करा. थेट फोन करणाऱ्याला आधीचा दर सांगता येतो, पण साइटच्या अटींत त्यावर बंधन आहे का ते वाचून घ्या.

जीएसटीत एक पायरी अशी आहे की दर ठरवताना तिच्यावर ठेचकाळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून राहण्याच्या सोयीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला तर १८ टक्के. ७,५०० चे पाहुण्याला ७,८७५ पडतात. तुम्ही ३०० वाढवून ७,८०० केलेत की त्याला ९,२०४ पडतात. तुम्हाला तीनशे मिळाले, त्याचे १,३२९ गेले. म्हणून ७,५०० ते साधारण ८,५०० हा पट्टा टाळा. एक तर ७,५०० वर थांबा, नाही तर सरळ वर जा.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे स्वतःची जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र ही उलाढाल तुमच्या पॅनवरची सगळी धरतात, दुकान असेल तर तेही. नोंदणी नसली तरी साइटवरून आलेल्या बुकिंगवर साइट जीएसटी आकारते, म्हणजे पाहुण्याला दिसणारी रक्कम तुमच्या आकड्यापेक्षा मोठी असते. पूर्ण बंगला एक युनिट धरायचा की खोलीवार, आणि बिलात रात्रवार दर कसा दाखवायचा, हे आपल्या कर सल्लागाराकडून एकदा लिहून घ्या. शेजारी काय करतो ते इथेही चालणार नाही.

पायरी ९ : दर सांगायची रीत

फोनवर "रेट काय?" विचारलं की आकडा सांगू नका. आधी तीन प्रश्न: कोणत्या तारखा, किती रात्री, लहान-मोठी मिळून माणसं किती. मग एकूण रक्कम, तीही लिहून:

"नमस्कार. शुक्रवार २७ ते रविवार २९ नोव्हेंबर, २ रात्री, ६ माणसं: एकूण १४,००० रुपये. यात दोन्ही बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, चहा-साखर आणि पार्किंग आलं. जेवण वेगळं, थाळीचे दर सोबत पाठवतोय. येण्याची वेळ दुपारी १, निघण्याची सकाळी ११. जादा माणूस असल्यास आधी कळवा. निम्मी रक्कम आल्यावर तारीख पक्की."

"काही कमी नाही का होणार?" हे येणारच. तो प्रश्न अपमान नाही आणि आणीबाणीही नाही. रक्कम कमी करण्याऐवजी वेळ किंवा वस्तू द्या: रविवारी तीनपर्यंत थांबा, शेकोटीची लाकडं आमच्याकडून. रक्कम कमी करायचीच तर बदल्यात काही घ्या: शुक्रवारऐवजी गुरुवार, किंवा एक रात्र जादा. उगाच पाचशे सोडले की पुढच्या वेळी तीच पार्टी, आणि तिचे ओळखीचे, त्या पाचशेपासून सुरुवात करतात. नातेवाईक आणि मित्रांसाठी एक ठरलेली सूट ठेवा, सगळ्यांना तेवढीच, आणि भरगच्च दिवसांत तीही नाही.

थांबा: केअरटेकर आणि तुम्ही दोघंही दर सांगत असाल तर दोघांकडे एकच छापील कागद हवा. पाहुणे दोन्हीकडे विचारतात.

पायरी १० : अॅडव्हान्स आणि रद्द होणं

निम्मी रक्कम आधी, उरलेली आल्या-आल्या, सामान उतरवायच्या आत. रद्द केल्यावर किती परत करायचं, हे ती तारीख पुन्हा विकता येईल का यावर ठरवा. सीझनचे तीन दिवस आठवडाभर आधी रद्द झाले तर बऱ्याचदा ते वायाच जातात. मधला वार रद्द झाला तर तुमचं फारसं गेलेलं नसतं, तिथे उदार राहा.

पावसाळ्यासाठी एक ओळ वेगळी लिहा. आंबेनळीत किंवा केळघर घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, किंवा प्रशासनाने पर्यटनस्थळं बंद ठेवली, तर पैसे बुडणार नाहीत, तारीख अमुक महिन्यांत बदलून मिळेल. ही ओळ आधी दिली असेल तर जुलैत बुकिंग करताना माणूस कचरत नाही. फक्त "पाऊस फार आहे" हे कारण मात्र धरायचं नाही. पाऊस बघायलाच तर ते येतायत.

पायरी ११ : महिन्यातून एकदा वही उघडा

एवढंच बघा. येणारे शनिवार दोन-दोन महिने आधीच भरून गेलेत का? तर दर कमी आहे, पुढच्या न भरलेल्या तारखांवर वाढवा. शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडे राहतायत का? तर आधी किमान रात्रींची अट बघा, मग फोटो, दर शेवटी. शनिवार भरलेले आणि शुक्रवार मोकळे दिसले, तर सुट्या शनिवारचा दर वाढवा आणि दोन रात्रींचा आहे तिथेच ठेवा. चौकशा येतायत पण रक्कम सांगितल्यावर उत्तरच येत नाही, असं मधल्या वारात होत असेल तर तेवढाच साचा खाली आणा. एका महिन्यावरून निर्णय घेऊ नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नाहीच. परीक्षांचा काळ सगळ्यांचाच मंद असतो.

दर बदलला की आधीच पक्क्या झालेल्या पार्ट्यांना जुनाच दर ठेवा आणि नवा आकडा आधी केअरटेकरच्या कागदावर बदला, मग साइटवर, मग व्हॉट्सअॅपच्या तयार मेसेजमध्ये. तिथला जुना मेसेज पुसून टाका, नाही तर घाईत तोच पुढे जातो.